रोमान्श 'नीव्हेल' (ढग) आणि आपलं 'नभ': नातं आहे की नाही?

शब्दवेडा: स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडन प्रांतातल्या रोमान्श भाषेत ढगाला 'नीव्हेल' म्हणतात. लॅटिनमध्ये धुकं म्हणजे 'नेबुला', जर्मनमध्ये 'नेबेल', आणि संस्कृत 'नभस्' त्याच कुळातला. एवढं सगळं जुळत असताना नीव्हेलला त्या पंगतीत बसवायला हरकत काय?

कातळ: हरकत आहे. नीव्हेल आला लॅटिन 'नूबिलुम'वरून, म्हणजे ढगाळ हवा. त्यामागे 'नूबेस', ढग. पुरावा ग्राउब्युंडनमधल्याच एंगाडिन खोऱ्यात सापडतो. तिथे ढगाला 'न्यूव्ला' म्हणतात. लॅटिनचा दीर्घ ऊ तिथे ओठ गोल करून उच्चारलेली ई होतो. पश्चिमेकडच्या बोलींत मात्र साधी ई, आणि रोमान्शच्या 1982 सालच्या प्रमाण लेखनभाषेतही तीच. भिंत: लॅटिन मूरुस, एंगाडिनमध्ये म्यूर, पश्चिमेकडे मीर. कठीण, त्याच क्रमानं: दूरुस, द्यूर, दीर. नेबुलातल्या ऱ्हस्व ए-पासून 'न्यूव्ला' कसा निघणार ते दाखवा.

सांजवारा: नियम कागदावर ठीक. पण आल्प्समध्ये खालून बघणाऱ्याला जो ढग, तोच त्यातून चालणाऱ्याला धुकं. त्यात शतकानुशतकं जर्मनचा शेजार. नेबेलची छाया पडली नसेल हे मला पटत नाही.

कातळ: छाया पडली असती तर ती स्वरात दिसली असती. लिंगही बघा. नूबिलुम नपुंसकलिंगी. त्याच्या एकवचनातून पुल्लिंगी नीव्हेल आला. अनेकवचन 'नूबिला', त्याच्या शेवटच्या आ-मुळे लोकांनी ते स्त्रीलिंगी एकवचन मानलं, आणि न्यूव्ला झाला. इटालियन 'नूव्होला'ही असाच. आणि नेबुला हरवलेला नाही, इटालियनमध्ये तो 'नेब्बिया' होऊन धुक्याच्याच अर्थानं नांदतोय. दोन शब्द, दोन घराणी.

शब्दवेडा: म्हणजे आपल्याकडचा कुणीच नातलग नाही? हे मानायला जड जातं.

कातळ: अहो, आहे की, फक्त नभ नव्हे. नूबेसची सांगड पारशी धर्मग्रंथ अवेस्तातल्या ढगवाचक 'स्नओध'शी घालतात, वेल्शमधल्या धुक्याच्या शब्दाशीही. अवेस्ताची भाषा संस्कृतची सख्खी बहीण. मला तर हे नातं नभपेक्षा जास्त मोलाचं वाटतं, कारण ते वरवरच्या सारखेपणावर उभं नाही.

सांजवारा: व्युत्पत्ती मान्य. पण बोलणाऱ्यांच्या मनात हे दोन शब्द एकमेकांत मिसळले असतील, यावर मी ठाम आहे. स्वरांचे नियम उच्चाराचा हिशोब देतात, अर्थाचा नाही.