लक्ष्मणफळ : फळ म्हणून खावे की औषध म्हणून?

ओसरी (धागाकर्ती) :

गेल्या आठवड्यात एका कृषी प्रदर्शनात सव्वा किलोचे एक लक्ष्मणफळ सहाशे रुपयांना विकले जाताना पाहिले. ते कुठून आले, कसे पिकवायचे, चवीला कसे लागते, याबद्दल विक्रेत्याने काहीच लिहिले नव्हते. टोपलीला टाचलेल्या कागदावर एकच ओळ होती : ‘कीमोथेरपीपेक्षा दहा हजार पट प्रभावी’. हा संदेश अनेक वर्षे व्हॉट्सॲपवर फिरतो आहे आणि आता तो भाव ठरवू लागला आहे. माझे मत आधीच सांगून टाकते. हे फळ हौसेने खावे, पण त्याला औषध म्हणून विकणे ही फसवणूक आहे, मग विकणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. सीताफळ आणि रामफळ यांच्या भावकीतले हे झाड, शास्त्रीय नाव ॲनोना म्युरिकाटा. कोणी याला हनुमानफळ म्हणतात, कोणी मामफळ. पण हनुमानफळ हे नाव याच कुळातल्या दुसऱ्या फळांनाही चिकटलेले असल्यामुळे मी लक्ष्मणफळच म्हणेन. फळ गडद हिरवे, अंगावर मऊ आणि वाकडे काटे, आत कापसाच्या पेळूसारखा पांढरा रसाळ गर आणि त्यात काळ्या चकचकीत बिया. वास अननसाच्या जवळचा, चव आंबटगोड. झाड मूळचे कॅरिबियन बेटांचे आणि अमेरिका खंडाच्या उष्ण पट्ट्याचे. गोन्सालो फेर्नांदेस दे ओव्हिएदो या स्पॅनिश इतिहासकाराने १५२६ साली छापलेल्या ग्रंथात ‘ग्वानाबाना’ या नावाने त्याचे वर्णन केलेले आहे. ब्राझीलमध्ये ते ग्राव्हिओला झाले, फ्रेंच बेटांवर कोरोसोल, आणि मलय भाषेत चक्क ‘दुरियान बेलांदा’, म्हणजे डचांचे दुरियान (दुरियान हे तिकडचे काटेरी फळ). मलय लोकांनी पाहुण्याचे पाहुणेपण नावातच नोंदवून ठेवले. आपण मात्र त्याला थेट रामायणात बसवले.

पोषणाचे आकडे चांगले आहेत, पण चमत्कार वाटावा असे नाहीत. १०० ग्रॅम गरात सुमारे ६६ कॅलरी, साडेतेरा ग्रॅम साखर, तीन ग्रॅमांहून थोडे अधिक तंतू, २७८ मिलिग्रॅम पोटॅशियम आणि साधारण २० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळते. आपल्या साध्या सीताफळात क जीवनसत्त्व याहून जास्त असते आणि पेरूत तर २०० मिलिग्रॅमच्या पुढे. म्हणजे सहाशे रुपये पोषणासाठी मोजलेले नाहीत, ते त्या कागदासाठी मोजलेले आहेत.

आता त्या ‘दहा हजार’चे मूळ. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९६ साली या झाडातून काही रसायने वेगळी काढली. त्यांपैकी सिस-ॲनोनासिन या रसायनाने प्रयोगशाळेत वाढवलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींवर कीमोथेरपीतल्या ॲड्रियामायसिन या औषधाच्या दहा हजार पट तीव्र परिणाम दाखवला. आकडा खरा आहे. पण प्रयोग काचेच्या भांड्यातल्या पेशींवर झाला होता, माणसावर नव्हे. आणि ते रसायन काढले होते बियांतून, ज्या आपण खाताना थुंकून टाकतो.

कातळसडा :

ताई, तुमचा राग त्या कागदावर आहे आणि तुम्ही तो फळावर काढता आहात. माझी राजापूरकडे लक्ष्मणफळाची चौदा झाडे आहेत. नारळ-सुपारीच्या बागेत कुंपणाकडेला लावलेली ही झाडे दहा वर्षे कोणी विचारत नव्हते. फळ खोडावर आणि जुन्या फांद्यांवर लागते, झाडावर पिकू दिले तर वटवाघळे आणि खारी ठेवत नाहीत, आणि काढून ठेवले तर चार-पाच दिवसांत असे मऊ पडते की मुंबईच्या टेंपोत त्याचा लगदा होतो. अशा फळाला भाव मिळवायचा तर कोणीतरी त्याची कीर्ती करावीच लागते. आंब्याची जाहिरात करताना कोणी कॅलरी मोजत बसते का?

दुसरे असे, की प्रयोगशाळेतला पुरावा म्हणजे शून्य पुरावा नव्हे. आपल्या दारातली सदाफुली घ्या. तिच्यातूनच विन्क्रिस्टीन आणि विन्ब्लास्टीन ही कर्करोगावरची औषधे निघाली आणि ती आजही रुग्णांना दिली जातात. त्यांचीही सुरुवात प्रयोगशाळेतूनच झाली ना? उद्या लक्ष्मणफळाचेही तसे झाले, तर आज हसणारे काय म्हणतील?

परीक्षानळी :

कातळसडा, सदाफुलीचे उदाहरण तुम्ही आणलेत हे बरे झाले, कारण ते तुमच्या विरुद्ध जाते. सदाफुलीची पाने उकळून कोणाचा रक्ताचा कर्करोग बरा झालेला नाही. त्या झाडातून अल्कलॉइड नावाची विशिष्ट द्रव्ये वेगळी काढली गेली, त्यांची मात्रा मिलिग्रॅममध्ये ठरली, रुग्णांवर वर्षानुवर्षे चाचण्या झाल्या आणि त्या औषधाने चेतातंतूंना इजा होते हेही नोंदवले गेले. म्हणूनच ते शिरेतून, देखरेखीखाली देतात. लक्ष्मणफळाच्या बाबतीत यातली पहिली पायरी झाली आहे, पुढच्या झालेल्या नाहीत. इंडोनेशियात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या मोजक्या रुग्णांना पानांचा अर्क देऊन एक लहान चाचणी झाली. पण तिच्यात रुग्णांच्या रक्तद्रवाचा पेशींवरील परिणाम तपासला गेला, रुग्ण अधिक जगले असे काही सिद्ध झाले नाही.

आता हे रसायन पेशीला मारते कसे, ते पाहा. या कुळातल्या झाडांतील ॲसिटोजेनिन नावाची द्रव्ये (ॲनोनासिन हे त्यांपैकीच एक) पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या ऊर्जासाखळीचा पहिलाच दुवा अडवतात. रोटेनोन हे कीटकनाशक नेमके तेच करते. प्रयोगशाळेतील प्राण्यांत पार्किन्सनसारखी (हातापायांचा कंप आणि ताठरपणा अशी) लक्षणे निर्माण करायची असतील तेव्हा संशोधक हेच रोटेनोन वापरतात. कर्करोगाची पेशी ऊर्जेची भुकेली असते म्हणून ती लवकर मरते, हे खरे. पण मेंदूतील चेतापेशीही तितकीच भुकेली असते.

ही केवळ कल्पना नाही. कॅरिबियनमधील ग्वादलूप या फ्रेंच बेटावर पार्किन्सनच्या नेहमीच्या औषधांना दाद न देणारे रुग्ण विलक्षण संख्येने आढळले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पार्किन्सनसारख्या लक्षणांच्या ८७ रुग्णांपैकी नेहमीचा पार्किन्सन केवळ २२ जणांना होता. उरलेल्यांपैकी बहुतेक जण कोरोसोलची, म्हणजे लक्ष्मणफळाची, फळे आणि पानांचा काढा नियमित घेत आले होते. पुढे उंदरांच्या शिरेत ॲनोनासिन सोडल्यावर त्यांच्या मेंदूतही इजा दिसली.

देवगिरी :

विषयांतर होत असेल तर माफ करा, पण ‘आपण त्याला रामायणात बसवले’ हे वाक्य मला खटकले. सीता, राम, लक्ष्मण ही नावे लोकांनी उगाच दिली काय? मध्य प्रदेशातील भारहुतच्या प्राचीन बौद्ध स्तूपाच्या शिल्पांत सीताफळासारखे फळ कोरलेले आहे, हे पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवले. मिर्झापूर जिल्ह्यातील टोकवा येथल्या उत्खननात सीताफळाच्या जळक्या बिया मिळाल्याचे संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केले आणि त्यांचा काळ कोलंबसाच्या कितीतरी आधीचा ठरवला. आमच्या दौलताबादच्या डोंगरात आणि बीडच्या बालाघाटात सीताफळ कोणी लावावे लागत नाही. ते दगडातून उगवते. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही आहे. जे फळ इतके इथले आहे त्याला पाहुणा म्हणणे म्हणजे पोर्तुगीजांना फुकटचे श्रेय देणे होय.

ओसरी :

देवगिरी, टोकव्याच्या बियांमुळे प्रश्न निर्माण होतो हे मला मान्य आहे, आणि ज्यांनी त्या सापडल्याचे जाहीर केले त्यांनीही त्यावरून कोलंबसपूर्व सागरी प्रवासाची शक्यता मांडली, भारतीय उगमाची नव्हे. कारण साधे आहे. सीताफळाचे रानटी सोयरे अमेरिकेत आहेत. आपल्याकडे झाड रानात उगवते, पण त्याचा गोतावळा इथे नाही. भारहुतचे फळ सीताफळच आहे की दुसऱ्या कशाचे नक्षीरूप आहे, यावर अभ्यासकांत एकमत नाही. ‘दगडातून उगवते’ हा तर पुरावाच नव्हे. घाणेरीही दगडातून उगवते आणि तीही अमेरिकेची आहे.

आणि हे सगळे सीताफळाबद्दल झाले. लक्ष्मणफळासाठी असा एकही प्राचीन दावा कोणी केलेला नाही. नाव देवाचे म्हणून झाड इथले ठरत असेल, तर एकादशीच्या ताटातले बटाटा, साबुदाणा, शेंगदाणा आणि मिरची हे चौघेही वैदिक ठरतील.

कातळसडा :

मूळ कुठले याच्याशी मला कर्तव्य नाही. झाड माझ्या कातळावर जगते एवढे पुरे. पण ग्वादलूपबद्दल बोलायलाच हवे, कारण ते वाचून उद्या माझे गिऱ्हाईक पळेल. परीक्षानळी, तुम्ही अर्धेच सांगितले. उंदरांना ते रसायन तोंडावाटे दिलेले नव्हते, शिरेतून सतत सोडले होते. आणि फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० साली सर्व माहिती तपासून असेच म्हटले, की उपलब्ध पुराव्यावरून हा आजार या फळामुळे होतो असे खात्रीने म्हणता येत नाही. हे तुम्ही का गाळलेत? शिवाय हीच द्रव्ये सीताफळातही असतात. मग पुरंदरच्या शेतकऱ्यालाही घाबरवणार काय?

मी स्वतः वाचले आहे, की एका फळात सरासरी १५ मिलिग्रॅम ॲनोनासिन असते, तर पानांच्या काढ्याच्या एका कपात जेमतेम १४० मायक्रोग्रॅम, म्हणजे शंभर पटींनी कमी. लोक माझ्याकडून पाने नेतात त्यात असे काय मोठे विष आहे?

परीक्षानळी :

फ्रेंच संस्थेचे मत मी सांगायला हवे होते. ती चूक माझी. कारण आणि परिणाम यांचा संबंध सिद्ध झालेला नाही, दाट संशय आहे, एवढेच म्हणणे योग्य. वर्षातून चार-सहा वेळा फळ खाणाऱ्याने भिण्याचे कारण मला दिसत नाही. रोज एक फळ वर्षभर खाल्ले तर शरीरात जाणारी मात्रा उंदरांना इजा करणाऱ्या मात्रेच्या तुलनेत येते, असा संशोधकांचा हिशेब आहे, आणि तो औषध म्हणून रोज घेणाऱ्यालाच लागू पडतो.

मात्र काढ्याचा आकडा तुम्ही दिलात त्याचे दुसरे टोकही धरा. पेशी मारणारे द्रव्य आणि चेतापेशींना धोका असलेले द्रव्य ही दोन वेगळी रसायने नाहीत, ती एकच आहेत. काढ्यात विष नगण्य आहे असे म्हणता, तर औषधही तितकेच नगण्य आहे. मग गिऱ्हाईक पैसे कशाचे देते?

देवगिरी :

विषाच्या मुद्द्यावर मात्र, निदान बियांबद्दल तरी, मी परीक्षानळींच्या बाजूने आहे. आमच्याकडे आजी सीताफळाच्या बिया वाटून उवांसाठी केसांना लावायची आणि आधी आमच्या डोळ्यांवर फडके घट्ट बांधायची. एकदा शेजारच्या मुलीच्या डोळ्यात ते पाणी गेले, तेव्हा बुबुळाला जखम होऊन तिला आठवडाभर अंधाऱ्या खोलीत ठेवावे लागले होते. बियांची भुकटी कॅप्सूलमधून पोटात घेणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे.

सायंतारा :

मी दोन्ही बाजूंशी थोडी असहमत आहे. माझ्या सासूबाईंची कीमो चालू असताना त्यांना अन्नाचा वास सहन होत नसे. भात नको, वरण नको, दूध तर दारातूनच परत. कोणीतरी दिलेले लक्ष्मणफळ मी पुरणाच्या चाळणीवर चोळून गर काढला, एकेक बी वेचली, थोडी साखर घालून वाटीत गोठवला, आणि त्यांनी चार दिवसांनी पहिल्यांदा काहीतरी मागून घेतले. त्या वाटीने कर्करोग गेला नाही. पण ती वाटी माझ्यासाठी सहाशे रुपयांहून मोठी होती. तेव्हा ‘पोषणासाठी मोजलेले नाहीत’ हे ओसरींचे वाक्य मला फार कोरडे वाटते.

त्याच काळात घरी पानांची भुकटीही आली होती, तीन हजार रुपयांची. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारले, तर फळ थोडेफार चालेल, पण भुकटी अजिबात नको, असे ते म्हणाले. कीमोच्या औषधांबरोबर तिचे काय होईल हे कोणी तपासलेले नाही, आणि सासूबाईंना रक्तदाबाची गोळीही चालू होती. विकणाऱ्याला हे फोन करून सांगितले, तर तो म्हणाला, ‘डॉक्टरांचा धंदा बुडेल म्हणून ते असे बोलतात.’ माझा आक्षेप त्या वाक्याला आहे.

ओसरी :

सायंतारा, वाक्य कोरडे होते, मागे घेते. कातळसडा, तुमच्यासाठी एक व्यावहारिक गोष्ट. औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्यात ज्या आजारांवर उपचाराची जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत कर्करोग आहे. तो कागद विक्रेत्यालाच गोत्यात आणू शकतो.

कातळसडा :

कायदा ठाऊक नव्हता. दहा हजाराचा आकडा मी कधी लिहिला नाही आणि लिहिणारही नाही. पाने मात्र मागणाऱ्याला देईन, कारण मी नाही दिली तर तो ती तीन हजारांना भुकटी म्हणून घेईल. तुम्हाला हे पटणार नाही, मला ठाऊक आहे. सायंतारा, तुमची गर काढायची रीत आमच्या घरी करून पाहिली. स्टीलच्या चाळणीपेक्षा पितळी पुरणचाळण बरी असे आई म्हणते. मी म्हटले, आंबट गराला पितळ नको. शेवटी हातानेच काढला. एका फळात एकशे बारा बिया निघाल्या.