"पूर्वी यावर कोणी बोलायचंच नाही" हे खरंय का?

निळीशाई: बायका-मुलांवरच्या हिंसेबद्दल काहीही वाचायला घ्या, हे वाक्य असतंच. मला पटत नाही. मार खाल्लेलं मूल कधीतरी डॉक्टरकडे जात असणार, बाई कोणालातरी सांगत असणार, मग ते सगळं गेलं कुठे?

रात्रपाळी: कागदावर गेलं आणि तिथेच धूळ खात पडलं. पॅरिसमधे ऑम्ब्रुआझ तार्द्यू म्हणून न्यायवैद्यक डॉक्टर होता, त्याने १८६० मधे मुलांच्या छळाच्या ३२ केसेस छापल्या, त्यातली १८ मुलं दगावलेली, आणि छळणाऱ्यांत सख्खे आईबापही. पुढे काय झालं, तर काहीच नाही!! नंतर १९४६ ला न्यूयॉर्कच्या जॉन कॅफी या रेडिऑलॉजिस्टने, म्हणजे एक्सरे वाचणाऱ्या डॉक्टरने, सहा तान्ह्या बाळांबद्दल लिहिलं, कवटीच्या आत रक्तस्राव आणि हातापायाची मिळून २३ फ्रॅक्चर, काही नवी तर काही भरत आलेली, म्हणजे "पाळण्यातून पडला" हे एकदाच घडलेलं नाही हे उघड दिसतंय, तरी आईबापांकडे सरळ बोट नाहीच. ते १९६२ ला अमेरिकेतला बालरोगतज्ज्ञ हेन्री केंप आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, मग मात्र पाचेक वर्षांत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत अशी केस कळवायचे कायदे आले.

आडवाटेने: मनोविश्लेषण सुरू करणाऱ्या फ्रॉइडचं पण बघा. १८९६ ला व्हिएन्नात त्याने भाषण दिलं की हिस्टेरियाच्या (शरीरात कारण न सापडणारे झटके, लकवा वगैरे) त्याच्या १८ पेशंटच्या मुळाशी लहानपणीचा लैंगिक अत्याचार आहे. पुढच्याच वर्षी मित्राला पत्र लिहून माघार.

रात्रपाळी: ती केस इतकी सरळ नाहीये हो. तो पेशंटवर बराच दबाव टाकून आठवणी काढायचा, त्यामुळे माघार निव्वळ घाबरून घेतली असं म्हणणं मला धाडसाचं वाटतं. पण नंतर कितीतरी बायकांचं खरं बोलणं "कल्पना आहे" म्हणून उडवलं गेलं, तेही खरंच.

कोर्टकचेरी: कायद्याने तर बोलायची सोयच ठेवली नव्हती. इंग्लंडचा न्यायाधीश मॅथ्यू हेल लिहून गेला की लग्न म्हणजे कायमची संमती, नवऱ्यावर बायकोच्या बलात्काराचा गुन्हा लागूच शकत नाही. ते छापलं गेलं १७३६ मधे, तो मेल्यावर, आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वात वरचं कोर्ट) मोडीत काढलं थेट १९९१ मधे. तिने सांगितलं असतं तरी तक्रार कुठल्या कलमाखाली घेणार?

निळीशाई: पण एक्सरेचा शोध तर १८९५ चा ना, मग १९४६ पर्यंत कोणालाच दिसलं नाही??

रात्रपाळी: दिसलं असणारच. पण नेहमीच्या डॉक्टरला त्याच आईबापांना तोंड द्यायचं असतं, फी तेच देतात, आणि "तुम्ही मारलंत का" हे विचारायचं कसं? रेडिऑलॉजिस्टचा त्यांच्याशी फारसा संबंधच येत नाही, त्याच्यासमोर फक्त फिल्म. म्हणून आधी लिहिलं त्यानेच, असं काही अभ्यासक मानतात आणि मला ते पटतं.