शब्दचर्चा: कीचकाचा वध की खून?

खानापूर: गावच्या सप्ताहात विराटपर्वाची कथा चालली होती. कॉलेजातला एक पोरगा म्हणाला, "म्हणजे भीमानं कीचकाचा खून केला." शेजारचे आजोबा तडकले, "खून म्हणू नको गा, वध म्हण." वध म्हटलं की मारणारा निर्दोष ठरतो का? जाणकारांनी सांगावं.

निपाणी: ठरतोच. कंसवध, अफजलखानाचा वध. दुष्टाला मारलं तर वध, नाहीतर खून.

शहापूर, बेळगाव: इतकं सरळ नाही. अभिमन्यूचाही वधच म्हणतात, आणि त्या पोराला तर एकट्याला घेरून मारलं. क्रौंचवधात वाल्मीकींनी शाप दिला तो मारणाऱ्या निषादाला. येशूला खिळलं तो वधस्तंभ. कायद्यातला 'सदोष मनुष्यवध' हा तर गुन्हाच. आपल्याकडच्या कन्नड पेपरात रोज 'कोले' (म्हणजे खून) छापून येतं, पण पुराणातला प्रसंग आला की तिथंही 'कीचकवधे'च. 'खून' म्हणताच आरोप होतो. 'वध' शब्दाला भारदस्तपणा आहे, पण तो कुणाची बाजू घेत नाही. निवाडा प्रसंगावरूनच करावा लागतो.

आणि प्रसंग काय आहे? सुदेष्णा राणीनं मद्य आणायच्या निमित्तानं अज्ञातवासात सैरंध्री झालेल्या द्रौपदीला मुद्दाम कीचकाकडं धाडलं. ती जीव घेऊन पळत राजसभेत आली, तर त्यानं सगळ्यांसमोर तिला लाथ मारली. सेनापती आणि वर राणीचा भाऊ, त्यामुळं विराटानं काही केलं नाही. कंक झालेला धर्मराजही तिलाच आत जा म्हणाला. दाद मागायची जागा संपल्यावर ती रात्री स्वयंपाकघरात भीमाकडं गेली. म्हणून माझ्या मते भीमाचं मारणं योग्यच होतं, नृत्यशाळेत बोलावून मारलं तरीही. हातपाय धडात कोंबून प्रेताचा गोळा केला, ते मात्र निव्वळ संतापानं. त्याचं समर्थन मी करणार नाही.

निपाणी: अभिमन्यूचं पटलं. पण उपकीचकांचं, म्हणजे कीचकाच्या भाऊबंदांचं काय? भीमानं तेही 105 मारले.

शहापूर, बेळगाव: तिथं तर शंकाच नको. कीचकाच्या चितेवर जिवंत जाळायला ते तिला बांधून स्मशानात नेत होते. भीम वेळेवर पोचला नसता तर ती मेलीच असती. गंमत अशी, की ज्याला सगळ्यात कमी आक्षेप घेता येईल, तो प्रसंग कथेकरी दोन वाक्यांत उरकतात.

खानापूर: उद्याच्या कथेत तोच भाग आहे. महाराजांना सावकाश सांगा म्हणून विनंती करतो.