तळ्याकाठी एकाच गावात सात रात्री, की आठ दिवसांत अख्खी इटली?

कोयनाकाठ

मे महिन्यात आई-बाबा (६६ आणि ७१), आम्ही दोघं आणि अकरा वर्षांची लेक असं इटलीला जायचं ठरतंय. दोन टूरवाल्यांकडून कार्यक्रम मागवले. दोन्हींत साधारण तेच. रोम, पिसा, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान. आठ दिवस, पाच हॉटेलं. उत्तरेतल्या कोमो तळ्याच्या वाट्याला तीन तास.

मी दोन्ही कागद बाजूला ठेवले. माझं म्हणणं असं की सात रात्री कोमोच्या काठावर एकाच गावात काढायच्या. वारेन्ना डोक्यात आहे. मिलान सेंट्रलवरून थेट रेल्वे, तासाभराच्या थोडं वर. गाडी भाड्याने घ्यायची गरज नाही, तिथे बोट हीच एस.टी. काठावरची बेलाजिओ आणि मेनाज्जिओ ही गावं दोन्ही पंधरा-वीस मिनिटांवर.

हा हट्ट बाबांमुळे आहे. ते पाटबंधारे खात्यात होते, कोयनेच्या वीजप्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यावर. १३ मार्च १९९९ ला कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या तळाखालचा शेवटचा खडक स्फोटाने उडवून पाणी खालच्या बोगद्यात घेतलं (याला लेक टॅपिंग म्हणतात), तेव्हा ते तिथे हजर होते. कोमोची खोली ४१० मीटर आहे हे मी वाचून दाखवलं, तर त्यांनी चष्मा काढून हातात धरला. म्हणाले, "कोयनेचं धरण १०३ मीटर. एकावर एक चार ठेवली तर चौथ्याचा माथा जेमतेम पाण्याबाहेर येईल. आणि हे सगळं धरण न बांधता?" हिमनदीने कोरलेलं तळं आहे, तळ समुद्रसपाटीच्याही खाली जातो, हे सांगितल्यावर त्यांनी नकाशा मागितला. त्या माणसाला तीन तासांत ते पाणी दाखवून बसमध्ये बसवणं मला पटत नाही.

मेहुण्यांना हा वेडेपणा वाटतो. तुम्हाला काय वाटतं ते स्पष्ट सांगा.

उत्तरवारा

मी मेहुण्यांच्या बाजूने.

प्रौढांना शेंगेन व्हिसाची फीच ९० युरो, वर विमा, विमानाची तिकिटं, पाच माणसं. आपल्याकडच्या बहुतेक घरांत आई-वडिलांना युरोपला नेणं एकदाच होतं. सत्तरीनंतर "पुढच्या वेळी रोम करू" असं आपण म्हणतो, पण ती पुढची वेळ येत नाही. माझ्या वडिलांच्या बाबतीत आली नाही. त्यांना आम्ही स्वित्झर्लंडमध्ये एकाच गावात ठेवलं होतं, आनंदात होते, पण रोम राहिलं ते राहिलंच. आई गेल्या वर्षी माझ्याबरोबर आली तेव्हा प्रत्येक चौकात म्हणत होती, हे यांनी बघायला हवं होतं.

आणि तुमचे बाबा धरणावरचे, म्हणून तर रोम आधी हवं. कोयनेचं धरण रबल काँक्रीटचं, म्हणजे मोठे दगड घातलेल्या काँक्रीटचं. ज्या माणसाचं आयुष्य काँक्रीटशेजारी गेलं त्याला रोममधलं प्राचीन देऊळ पँथिऑन दाखवणार नाही? सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा काँक्रीटचा घुमट, व्यास ४३ मीटरच्या वर, आत लोखंडाची एक सळई नाही. वर जाताना भिंत पातळ होत जाते, खालच्या थरांत जड दगड आणि माथ्याकडे हलका ज्वालामुखी दगड वापरलाय. मध्यभागी भोक, त्यातून उन्हाचा गोल भिंतीवर सरकत असतो. तळी काय, निसर्गाने केली. हे माणसाने केलंय.

शेवंती

एकाच जागी मुक्काम, याला माझा शंभर टक्के पाठिंबा. वारेन्नाला मात्र नाही.

आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं. स्टेशन वर, गाव खाली, आणि गाव म्हणजे डोंगरातून पाण्यापर्यंत उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या बोळकंड्या. फोटोत फार सुंदर दिसतात. आमचं घर चौऱ्याऐंशी पायऱ्यांवर होतं, मी मोजल्या, कारण दुसऱ्या दिवसापासून सासूबाई खाली उतरायचंच टाळायला लागल्या. बेलाजिओही तसंच चढणीचं. समोरच्या काठावरचं मेनाज्जिओ बघा. काठाने सपाट रस्ता, बाकं, फुलझाडं, चौकातच कॉफीची दुकानं. रेल्वे नाही, पण वारेन्नाहून सामानासकट फेरीने पंधरा मिनिटांत पोचता.

घर घेताना धक्क्यापासून किती पायऱ्या, हे लेखी विचारून घ्या. लिफ्ट आहे का एवढ्यावर थांबू नका. लिफ्ट इमारतीत असते, पायऱ्या रस्त्यावर असतात.

आणि एक विचारू? बाबांना काय हवं ते तुम्ही लिहिलंत. आईंना काय हवंय?

पायवाट

गार्डाचं नाव अजून कोणी कसं काढलं नाही? इटलीतलं सगळ्यात मोठं तळं, ३७० चौरस किलोमीटर. मिलान-व्हेरोना-व्हेनिस मुख्य रेल्वेवर देझेन्झानो आणि पेस्किएरा, दोन्ही स्टेशनं या तळ्याचीच. पेस्किएराहून व्हेरोना पंधरा मिनिटं, व्हेनिसला सकाळी जाऊन संध्याकाळी परत. म्हणजे मुक्कामही एक आणि शहरंही बघून होतात. दक्षिण काठ सपाट आहे, ज्येष्ठांना सोपा. सिर्मिओनेला पाण्यातला किल्ला, टोकाला रोमन हवेलीचे अवशेष. उत्तरेला माल्चेझिने, १७८६ मध्ये जर्मन कवी गटे तिथल्या किल्ल्याचं चित्र काढत बसला होता, तर लोकांनी हेर समजून त्याला घेरलं. तिथून मोंते बाल्दोवर जाणारी केबलकार चढताना गोल फिरते. अकरा वर्षांच्या मुलीला बागा आणि हवेल्या दाखवून किती दिवस रमवणार?

देवबाग

ब्रेशियात तीन वर्षं नोकरीला होतो, म्हणून लिहितो. थोडं लांब होईल.

माझं गाव तारकर्लीच्या शेजारी. आमच्याकडे मे महिन्यात काय होतं ते मी लहानपणापासून बघत आलोय. गल्लीतली घरं एकेक करून लॉज झाली, विहिरी खारट झाल्या, आणि गावच्या माणसाला आपल्याच रस्त्यावरून मोटारसायकल काढता येईना. बेलाजिओला पहिल्यांदा गेलो तो रविवार होता. धक्क्यावर बोटीसाठी रांग, रांगेतून वाट काढत भाजीची पिशवी घेऊन चाललेली एक म्हातारी, आणि कोणी तिला वाट देत नव्हतं. मला माझी आजी आठवली. त्यानंतर रविवारी कोमोला गेलो नाही.

म्हणून माझं मत वेगळं आहे. ज्या तळ्याला तुमची गरज आहे तिथे जा. इझेओ बघा. ब्रेशियाहून छोटी लोकल काठाकाठाने जाते, सुल्झानोला उतरायचं, समोर मोंते इझोला हे डोंगराएवढं बेट. बोट पाच मिनिटांची. बेटावर बाहेरच्यांच्या मोटारींना बंदी, छोटी बस फिरते. २०१६ मध्ये ख्रिस्तो या कलावंताने पाण्यावर तरंगणारी पिवळी वाट टाकली होती, सोळा दिवसांत बारा लाख माणसं चालून गेली. नंतर वाट काढून घेतली आणि बेट परत आपल्या गतीला लागलं.

तिथल्या एका अंगणात मी लाकडी कमानींना बांधलेले मासे उन्हात वाळत घातलेले पाहिले. चपटे, चांदीसारखे, तळ्यातलेच. वाळले की दाबून तेलात ठेवतात आणि पोलेंता म्हणजे मक्याच्या घट्ट पिठल्यासारख्या पदार्थाबरोबर खातात. वास अगदी आमच्या खळ्यातला. मी मराठीतच "वाळत घातलंत होय" असं बोलून गेलो. त्या बाईंना शब्द कळला नसणार, पण त्यांनी एक मासा उलटा करून पाठीकडची बाजू दाखवली, अजून ओली आहे म्हणून.

कोयनाकाठ

उत्तरवारा, पँथिऑनचा मुद्दा जिव्हारी लागला, खरं सांगतो. तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण पाच शहरांच्या धावपळीत तो घुमट बाबांच्या वाट्याला किती येणार? टूरवाल्याच्या कागदावर पँथिऑनपुढे "बाहेरून" असं लिहिलंय.

पायवाट, गार्डा सोयीचं आहे हे मान्य. पण तुम्ही सांगताय त्यात रोज सकाळी उठून रेल्वे पकडायची, म्हणजे तळं फक्त झोपण्यापुरतं. मला उलटं हवंय. लेकीचं म्हणाल तर ती काठावर बसून दगड फेकण्यात तास घालवते, तिला कोयनेवर पाहिलंय.

देवबाग, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. बेट मनात राहिलंय.

शेवंती

काठावर दगड फेकणं ठीक, पण मुलीला सांगून ठेवा, ही तळी काठापासून दोन पावलांवर एकदम खोल होतात, आणि मे महिन्यात पाणी बर्फासारखं असतं. पोहायचं तर राखलेल्या जागीच.

उत्तरवारा

"बाहेरून" लिहिणाऱ्या टूरवाल्याकडून जाऊच नका, एवढंच त्यावर माझं उत्तर. मी पाच शहरं करा म्हणत नाही. पिसा सोडा, व्हेनिसही सोडा. पण रोम सोडू नका. मिलानहून वेगवान गाडीने तीन तास, परतीचं विमान रोमहून घ्या. पँथिऑनला आत जायला तिकीट आहे. सकाळी दार उघडताना बाबांना आत न्या आणि दुपारी पुन्हा एकदा न्या. उन्हाचा गोल कुठून कुठे गेला ते त्यांचं ते बघतील.

सात रात्री तळ्याकाठी जास्त होतात, हे माझं मत अजून तसंच आहे. पाऊस लागला तर काय करणार?

देवबाग

पाऊस लागला तर कोमोकाठच्या लेन्नो गावची विल्ला बाल्बियानेल्लो ही हवेली. बागेसाठी लोक जातात, पण आत ग्विदो मोन्झिनोचं संग्रहालय आहे. १९७३ ची पहिली इटालियन एव्हरेस्ट मोहीम याच्या नेतृत्वाखाली गेली. त्याने घर एका वारसा संस्थेला देऊन टाकलं. आत स्लेज, गिर्यारोहणाचं साहित्य, सगळं मांडलेलं आहे. आठवड्यातून काही दिवस बंद असते, आधी बघून जा.

आणि बाबांसाठी एक दुरुस्ती. कोमोला धरण नाही हे अर्धंच खरं. तळं निसर्गाचं, पण पाण्याची पातळी माणसाच्या हातात आहे. अद्दा नदी उत्तरेकडून तळ्यात शिरते आणि लेक्को शहराजवळून बाहेर पडते. तिथून थोडं खाली ओल्जिनाते इथे १९४६ पासून दरवाज्यांचा बंधारा आहे. तो किती उघडायचा यावर खालच्या मैदानातली शेती आणि वीज अवलंबून, आणि चुकलं तर वर कोमो शहरातल्या चौकात पाणी. त्याच नदीवर खाली पादेर्नोला १८९८ चं वीजघर आहे, मिलानच्या ट्रामना तिथून वीज जायची. वारेन्नाहून लेक्को, पुढे कालोल्झिओकोर्ते-ओल्जिनाते स्टेशन. अर्ध्या दिवसाचं काम. कागदी तिकीट काढलंत तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारा. मी एकदा विसरलो आणि दंड भरला.

कोयनाकाठ

काल रात्री सगळ्यांना समोर बसवून हे वाचून दाखवलं.

शेवंतीताई, आईला मी खरंच विचारलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "रोज सकाळी बॅग भरायला लावू नकोस. एक स्वयंपाकघर दे आणि खिडकीतून पाणी दिसू दे. बाकी तुम्ही कुठेही हिंडा." तिला पायऱ्यांचा आकडाही सांगितला. वारेन्ना बाद. मेनाज्जिओला धक्क्याजवळ घर बघतोय, सात रात्री.

उत्तरवारा, रजा दोन दिवस वाढवून मागितली आहे. मिळाली तर रोमच्या दोन रात्री शेवटी, आणि पँथिऑन दोनदा, तुम्ही म्हणालात तसं. फ्लॉरेन्स आणि व्हेनिस नाही. देवबाग, मिलानहून येताना ब्रेशियाकडे वळणं उलटं पडतंय, पण मासे वाळताना आईला दाखवायचेत, म्हणून एक दिवस त्यासाठी बाजूला ठेवलाय. रविवार नाही.

बाबा ओल्जिनातेचं ऐकून उठले आणि भिंग घेऊन आले. आता नकाशावर अद्दा तळ्यातून नेमकी कुठून बाहेर पडते ते शोधतायत. मघाशी विचारत होते, दरवाजे वर उचलायचे आहेत की आडवे पडणारे? कोणी पाहिले असतील तर सांगा.