फोकसिंग स्क्रीन बदलायची की लाइव्ह व्ह्यूवर भागवायचं?

कृष्णधवल: फोकसिंग स्क्रीन म्हणजे आरशावरून आलेलं चित्र जिच्यावर उमटतं ती व्ह्यूफाइंडरखालची दुधी चकती. काल इथे एकाने ठोकून दिलं, "मॅन्युअल (हाताने फोकस करायच्या) लेन्ससाठी स्क्रीन बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचं चालू चित्र) दहापट मोठा करा, काम झालं." २००५ च्या कॅनन ५डीला लाइव्ह व्ह्यू आहे कुठे? मूळ स्क्रीन मंद झूम (एफ ५.६ सारखे, कमी प्रकाश आत घेणारे) उजळ दिसावेत म्हणून बनवलेली असते. ५० मिमी एफ १.४ लावा, एफ २ ठेवून डेप्थ ऑफ फील्ड प्रीव्ह्यू (लेन्सचं छिद्र ठरवलेल्या आकाराला आणणारं बटण) दाबा. व्ह्यूफाइंडर जवळपास तसाच राहतो, कारण ती स्क्रीन साधारण एफ २.५ पेक्षा मोठ्या छिद्राचा फरक दाखवतच नाही. डोळ्यावर फोकस केला असं वाटतं आणि फोटोत कान शार्प येतो. ५डीला ईई-एस, ५डी मार्क २ आणि ६डीला ईजी-एस या कॅननच्याच अचूक फोकसच्या स्क्रीन टाका.

तिपाई: ते मीच लिहिलं होतं आणि अजूनही तेच म्हणेन. ईजी-एस एफ ५.६ च्या झूमवर अंधारी दिसते, ती २.८ आणि त्याहून वेगवान लेन्ससाठीच आहे. स्प्लिट प्रिझम (स्क्रीनच्या मध्यावरचं, फोकस चुकला की चित्र दुभंगून दाखवणारं वर्तुळ) एफ ५.६ ला अर्धा काळा पडतो. लाइव्ह व्ह्यूत थेट सेन्सरवरचं चित्र दिसतं, मधे आरसा नाही.

मीटरसुई: एक्स्पोजरचं कुणीच बोलत नाहीये! मीटर स्क्रीनवरचाच प्रकाश मोजतो. स्प्लिट प्रिझम काळवंडला की स्पॉट मीटरिंग (फक्त मधल्या भागाचा प्रकाश मोजणं) फसतं, फोटो जास्त उजळ येतो. ईजी-एस टाकल्यावर कॅमेऱ्याच्या मेन्यूतल्या कस्टम फंक्शनमध्ये स्क्रीनचा प्रकार बदललाच पाहिजे.

शिमकरी: स्क्रीन बसवली म्हणजे काम संपलं असं समजू नका. एफ १.४ ला सेन्सरपाशी चूक खपते ती दोन्ही बाजूंना जेमतेम ०.०४ मिमी. बाहेरच्या कंपनीची स्क्रीन जाडीत किंचित कमीजास्त असली की सगळे फोटो एकाच दिशेने चुकतात. ट्रायपॉडवर ४५ अंशांत पट्टी ठेवा, व्ह्यूफाइंडरमधून फोकस करा, फोटो काढा. फोकस मागे जात असेल तर स्क्रीन आरशापासून लांब आहे. वरच्या बाजूला, पेंटाप्रिझमकडे (चित्र डोळ्याकडे वळवणाऱ्या काचेकडे), शिम म्हणजे पातळ पट्टी वाढवा. पुढे येत असेल तर शिम कमी करा. एका वेळी ०.०५ मिमी, मग परत तीच चाचणी.

तिपाई: म्हणजे आधी स्क्रीन विकत घ्या, मग शिम कापत बसा!

शिमकरी: बसावं लागतं. घाई असेल तर हात लावू नका. स्क्रीन चिमट्याने फक्त कडेच्या छोट्या कानाला धरायची, मॅट बाजू आरशाकडे. धूळ ब्लोअरनेच उडवायची. स्पिरिट लावलं की प्लास्टिकवर कायमचा डाग.

कृष्णधवल: आणि हातात कॅमेरा धरून चालत्या माणसाचा फोटो दहापट मोठा करून काढायचा कसा, तिपाई? पुढे-मागे झुललात की चौकटच निसटते. याचं उत्तर द्या.

तिपाई: हातात धरून, चालता विषय, एफ २ च्या आत: तेवढ्यापुरतं मान्य. टेबलावरच्या वस्तूला आणि मॅक्रोला मुळीच नाही.

मीटरसुई: ५डी मार्क ३ वाल्यांनी यातलं काहीच करायला जाऊ नये. त्याची स्क्रीन घरी बदलण्यासाठी दिलेलीच नाही.