व्हॅक्यूम वळतो की मनगट पिरगळतं?

कार्पेटग्रस्त (धागाकर्ता):
इंग्लंडात अकरा वर्षं झाली. घरभर भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट, जिन्यावरसुद्धा. शनिवार सकाळचं हूवरिंग माझ्याकडे (मशीन कुठल्याही कंपनीचं असो, इथे क्रियापद हूवरचंच). गेल्या महिन्यात जुना अपराइट वारला. अपराइट म्हणजे मोटार, धुळीचा डबा, सगळं उभ्या दांड्यावरच असलेला. आपल्याकडे नळीने मागे ओढत नेतात तो नव्हे.

दुकानातल्या पोराने नवा अपराइट दोन बोटांत धरला आणि चार खुर्च्यांच्या पायांतून नागासारखा काढून दाखवला. खालचं तोंड आणि वरचं अंग यांच्यामध्ये फिरता सांधा, मनगट जरा फिरवलं की तोंड वळतं. भुललो, घेतला. तीन शनिवार झाले, उजवं मनगट धरलंय. कारण बाबाजी सरळ जातच नाहीत! सोफ्यापासून टीव्हीपर्यंत जाताना सतत कान धरून रस्त्यावर आणावं लागतं. जुना दोन चाकांचा ठोकळा बैलगाडीसारखा चाकोरीतून जायचा, मी आपला बातम्या ऐकत ढकलायचो.

माझं म्हणणं, हे "सहज वळणं" दुकानाच्या फरशीसाठी आहे, घरासाठी नाही. घरात बहुतेक वेळ आपण सरळ रेघाच मारतो. कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

नट_बोल्ट:
असहमत. बैलगाडी चाकोरीतून सरळ जाते हे खरं, पण वळवताना कसं वाटतं ते बैलांना विचारा.

जुन्या अपराइटची चाकं आणि रुंद तोंड एकाच ताठ सांगाड्यावर असतात. चाक पुढे-मागे जातं, आडवं जात नाही. म्हणजे वळायचं तर ब्रशाचं तोंड कार्पेटवर आडवं खरवडत न्यायचं, नाहीतर दांडा दाबून पुढचा भाग उचलायचा आणि हवेत वळवून परत टेकवायचा. भाजीवाला हातगाडी कोपऱ्यावर वळवतो तसं. आठ किलोचं धूड दर सहा फुटांवर असं उचलायचं, हा काय आराम झाला? तुम्हाला तो त्रास आठवत नाही कारण सवय झाली होती.

इतिहासही बघा. जेम्स डायसनने १९७४ मध्ये बॉलबॅरो काढली, म्हणजे चाकाच्या जागी प्लास्टिकचा मोठा चेंडू असलेली एकचाकी ढकलगाडी. पुढे त्याच माणसाने पिशवीविना व्हॅक्यूमसाठी ५,१२७ नमुने केले, ते सगळे धूळ हवेतून वेगळी कशी काढायची यासाठी. १९९३ मध्ये त्याचा डीसी०१ अपराइट आला तो साध्या चाकांवरच. चेंडू व्हॅक्यूमखाली आला २००५ मध्ये, डीसी१५ ला. स्वतःच्याच जुन्या गाडीतला चेंडू तिथवर यायला तीस वर्षं गेली. इतकं सोपं असतं तर आधीच नसतं का झालं?

कार्पेटग्रस्त:
नटभाऊ, बॉलबॅरोचा चेंडू चिखलात रुतू नये म्हणून होता. अरुंद चाक ओल्या मातीत घुसतं, चेंडूवर भार पसरतो. माझ्या दिवाणखान्यात चिखल नाही (मुलगा फुटबॉलहून आला की असतो, ते सोडा). एका अडचणीचं उत्तर दुसऱ्या अडचणीला चिकटवलं आणि जाहिरात केली, एवढंच.

ढोल_ताशा:
पुण्यात शहाबादी फरशी, केरसुणी आणि मावशी. तिन्ही उत्तम वळतात. पॉपकॉर्न घेऊन बसलोय, चालू द्या.

नट_बोल्ट:
ढोलभाऊ, मावशींची कंबर वळते, केरसुणी नाही. तेही डिझाइनचंच अपयश आहे. असो, अवांतर नको.

कार्पेटग्रस्त, चेंडूचा फायदा चिखलापुरता नाही. दोन रुंद चाकांवर अंग कुशीला कलत नाही, चेंडूवर कलतं. अंग कललं की कड्याने जोडलेलं तोंड त्या बाजूला वळतं, आणि वळताना जमिनीला सपाट चिकटलेलंही राहतं. नंतरच्या मॉडेलांत मोटारच चेंडूच्या पोटात घातली. सगळ्यात जड वस्तू जमिनीलगत गेली, म्हणजे कलवताना हाताने पेलायचं वजन कमी.

सांध्याच्या मशीनचंही कूळ तेच. त्यात एक ग्यानबाची मेख आहे, ती दुकानदार सांगत नाही. दांडा बऱ्यापैकी उभा असला की मनगटाचा पीळ जवळजवळ पूर्ण वळण्यात जातो. दांडा जसजसा आडवा होतो तसतसं वळणं कमी आणि तोंडाची एक कड उचलली जाणं जास्त. म्हणून पलंगाखाली घातलं की तेच मशीन अचानक हट्टी होतं. तुमची उंची जास्त आहे का? वाकून ढकलत असाल तर दांडा फार आडवा येत असेल.

मीनल_जर्सी:
दोघंही मनगटावर अडलात. खरा शत्रू सक्शन आहे.

आमच्याकडे आई सहा महिने राहायला आली होती, तिला संधिवात. तिला अपराइट ढकलवेना. म्हणून मी विमानाच्या बॅगा तोलायचा हुकवाला काटा दांड्याला अडकवला आणि मशीन चालू ठेवून मागे ओढून बघितलं. जाड रगवर काट्याचा आकडा बघून थक्क झाले. मग तोंडावरची हवेची छोटी खिडकी उघडली, आकडा धाडकन खाली. तोंड कार्पेटला जळूसारखं चिकटतं ते आतली हवा खेचल्यामुळे. चिकटलेलं तोंड तुम्ही सांध्याने वळवा, चेंडूने वळवा नाहीतर देवाचं नाव घेऊन वळवा, घासणारच.

शिवाय फिरता ब्रश कार्पेटमध्ये दात रोवून मशीन पुढे ओढतो, त्यामुळे पुढे जाताना लोणी, मागे ओढताना दगड. आईने दुसऱ्याच दिवशी शोधून काढलं की पुढे ढकलत जायचं, मागे येताना दांडा किंचित दाबायचा.

इकडे ओरेकचा हलका अपराइट वर्षानुवर्षं ८ पौंड वजनावर खपला, म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास. सांध्याची जादू नाही, मशीन हलकं म्हणून वळवायला सोपं. हॉटेलांत तोच दिसायचा. मला तर वाटतं १९०८ मध्ये ओहायोच्या कँटन गावात स्पँगलर नावाच्या सफाई कामगाराने पहिल्या अपराइटचं पेटंट घेतलं तेव्हापासून सगळे दांड्याला वजन लटकवतच गेलेत. त्याने सुरुवात केली होती पंख्याची मोटार, उशीचा अभ्रा आणि झाडूचा दांडा घेऊन!

कार्पेटग्रस्त:
मीनलताई, काट्याची आयडिया झकास, उद्याच करतो. पण खिडकी उघडली की कचरा कोण ओढणार?

मीनल_जर्सी:
जाड रगवर थोडी उघडी, पातळ कार्पेटवर बंद. तुमच्या युरोपने तर सप्टेंबर २०१४ मध्ये १६०० आणि सप्टेंबर २०१७ मध्ये ९०० वॉटची मर्यादा घातली, तरी घरं काही धुळीत बुडाली नाहीत. नुसता जोर म्हणजे सफाई नव्हे.

दर्यावर्दी:
मी गोव्याचा, क्रूझवर हाउसकीपिंगला नऊ वर्षं. तुम्ही घरचे हौशी, मी रोजंदारीचा.

अ‍ॅलीवेत, म्हणजे केबिनांमधल्या लांब बोळात, कार्पेटग्रस्त बरोबर. तिथे सरळ जाणारं मशीन हवं, नाहीतर टोकाला पोचेपर्यंत खांदा जातो. त्यात जहाज हललं की सांध्याचं मशीन स्वतःच्या मर्जीने कुशीला वळतं आणि पाहुण्याच्या दारावर ठोकतं. झोपलेल्या पाहुण्याला असं उठवलंत तर तो काय बोलतो ते इथे लिहिता येत नाही.

पण केबिनमध्ये नटभाऊ बरोबर. पलंग, खुर्ची, टेबल यांच्यामध्ये एक पाऊल जागा. ताठ मशीनने पलंगाच्या पायाला रोज एक टवका. आमच्या सुपरवायझरने शेवटी दोन जातीची मशीनं ठेवली. घरी दोन कोण ठेवणार?

कार्पेटग्रस्त:
बघा! म्हणून माझी मागणी: दांड्यावर एक खटका. दाबला की सांधा कुलूपबंद, मशीन बैलगाडी. सोडला की नाग.

नट_बोल्ट:
खटका पहिल्या वर्षी तुटेल आणि तुम्ही परत धागा काढाल. त्यापेक्षा सांध्यात हलकी स्प्रिंग असावी, सोडलं की तोंड आपोआप मध्यावर यावं. फार कडक केली तर वळताना पुन्हा मनगट, फार ढिली केली तर असून नसल्यासारखी. कुठे थांबायचं, तिथेच डिझाइन करणाऱ्याचा कस.

एक विचारतो, तुमचं मशीन दोन्हीकडे भरकटतं की एकाच बाजूला?

कार्पेटग्रस्त:
एकाच. नेहमी उजवीकडे. आणि खोलीच्या पार टोकाला गेल्यावर जास्त.

नट_बोल्ट:
वायर कुठून निघते?

कार्पेटग्रस्त:
दांड्याच्या वरच्या हुकातून, उजव्या अंगाला. प्लग मागे दाराशी. थांबा, बघून येतो.

(वीस मिनिटांनी) वायर ताणली की हुक मागे खेचला जातो आणि दांडा पिळला जातो. डाव्या हातात वायरचा सैल वेढा धरला तर बऱ्यापैकी सरळ जातंय. पण म्हणून तुम्ही जिंकला नाहीत. जुन्या मशीनलाही हीच वायर, हाच हुक होता, ते कधी भरकटलं नाही.

नट_बोल्ट:
वायरने खेचून बघितलं असेल. मुळात त्याला वळताच येत नव्हतं.