नेल टेक्निशियनला शिकवणारी व्यक्ती कशी असावी?

बेसकोट:
नऊ वर्षं नखांचं काम करतेय. आता नवीन आलेल्या तीन मुलींना मी शिकवावं असं ठरलंय. माझ्या कामावर माझा विश्वास आहे, म्हणून मी लगेच हो म्हटलं. पण पहिल्याच आठवड्यात अडले. अ‍ॅक्रिलिकचा बीड, म्हणजे लिक्विड आणि पावडरचा ओला गोळा, ब्रशने उचलला, नखावर ठेवला, तीन स्ट्रोकमध्ये बसवून दाखवला. "कळलं?" विचारलं तर तिघींनी माना डोलावल्या. ब्रश त्यांच्या हातात गेला आणि एकीचा बीड वाहत नखाच्या मुळाशी क्युटिकलवर गेला, दुसरीचा ब्रशवरच घट्ट झाला. "तुमचा का नाही होत असा?" असं तिसरीने विचारलं आणि मला उत्तर देता येईना. शेवटी मीच ब्रश घेऊन तिन्ही हात पूर्ण केले. त्या रात्री नीट झोप लागली नाही. मुली मनापासून शिकायला आल्या आहेत, त्यांचं नुकसान व्हायला नको. तुमच्यापैकी कुणी शिकवत असाल किंवा चांगल्या ट्रेनरकडे शिकला असाल, तर त्यांच्यात नेमकं काय होतं ते सांगाल का?

पारदर्शक:
मी दोघींकडे शिकले. पहिलीचं नेल आर्ट बघत राहावं असं. वर्गात ती बोलायची कमी, करायची जास्त, आणि आम्ही व्हिडिओ काढायचो. घरी येऊन पाहिलं की सगळं समजल्यासारखं वाटायचं, पण हाताला येत नव्हतं. दुसरीचं स्वतःचं काम साधंच होतं, पण प्रत्येक वेळी ती आधी विचारायची, "आता काय करणार आहेस आणि का?" उत्तर आलं नाही तर फाइल हातात द्यायची नाही. मी शिकले ती दुसरीकडे.

फाइल_१८०:
बेसकोट ताई, चौदा वर्षं शिकवतेय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तुम्ही शेवटी ब्रश घेऊन हात पूर्ण केलेत ना, ते आधी बंद करा. मीही तेच करायची. विद्यार्थिनीचं काम बिघडताना बघवत नाही. पण ब्रश आपल्या हातात आला की तिचं शिकणं तिथेच थांबतं. मी आता दोन्ही हात मांडीवर ठेवून बसते. बोलायचं, दाखवायचं असेल तर माझ्या वेगळ्या प्रॅक्टिस टिपवर, म्हणजे नकली नखावर, दाखवायचं. तिच्या नखाला हात लावायचा नाही.

बीडबद्दल. एका कामात किती छोटी कामं दडलेली आहेत हे ज्याला सुटं करून सांगता येतं, तो ट्रेनर. ब्रश मोनोमरमध्ये, म्हणजे त्या लिक्विडमध्ये, बुडवला, वाटीच्या कडेला किती दाबून पुसला, पावडरमध्ये किती वेळ टेकवला, बाहेर काढल्यावर बीडच्या पृष्ठभागावर चमक कशी आहे, हे चार वेगळे प्रश्न आहेत. पहिल्या दिवशी मी नख देतच नाही. प्लॅस्टिकच्या शीटवर बीड ठेवायला लावते, आणि मुद्दाम चुकीचेही करायला सांगते. दहा ओले, दहा कोरडे, दहा मध्यम. ओला पसरून सपाट होतो, कोरडा दाणेदार राहतो आणि दाबला की तडकतो, मध्यम तसाच गोल बसतो आणि हळूहळू टेकतो. चूक स्वतः ठरवून केली की ती पुढे नखावर चटकन ओळखता येते.

दुसरं म्हणजे कारण शोधण्याची नजर. मला सगळ्यात महत्त्वाचा गुण हाच वाटतो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या प्रत्येक क्लायंटला आठ-दहा दिवसांत लिफ्टिंग यायचं, म्हणजे प्रॉडक्ट नखापासून सुटायचं. तिला कुणी प्रायमर (प्रॉडक्ट धरून राहावं म्हणून नखाला आधी लावतात तो) बदलायला सांगितलं होतं, कुणी जेल. मी तिच्या शेवटच्या पाच क्लायंटचे फोटो मागवले. लिफ्टिंग प्रत्येक नखाच्या उजव्याच कडेला होतं! प्रॉडक्टचा दोष असता तर तो एकच बाजू कशी धरेल? मग तिच्या शेजारी बसून नखाऐवजी तिच्या हाताकडे पाहिलं. ती क्लायंटचं बोट फिरवतच नव्हती. तिच्या जागेवरून उजवी साइडवॉल, म्हणजे नखाच्या बाजूची कड, दिसायचीच नाही, त्यामुळे प्रेप करताना, म्हणजे नख आधी साफ करताना, तिथली नखाला चिकटलेली मृत त्वचा राहून जायची. बोट अंगठ्याने अलगद वळवायचं, एवढंच शिकवलं. प्रायमर तोच राहिला.

आता ज्याबद्दल मला अजूनही राग येतो ते सांगते. मी शिकत होते तेव्हा बरोबरच्या एका मुलीच्या बोटांना खाज सुटली, पेरांवर त्वचा फुटायला लागली. आमच्या ट्रेनर म्हणाल्या, "नवीन आहेस, होईल सवय." सवय होत नसते. न सुकलेलं जेल किंवा मोनोमर वारंवार त्वचेला लागलं की त्यातल्या रसायनांची, म्हणजे अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि एकदा झाली की ती सहसा आयुष्यभर राहते. दातांच्या काही फिलिंगमध्ये, शरीरावर चिकटवायच्या ग्लुकोज सेन्सरच्या चिकटपट्टीतही अ‍ॅक्रिलेट असतात, म्हणजे प्रश्न फक्त नखांपुरता नाही. त्या मुलीला काम सोडावं लागलं. म्हणून माझ्याकडे जेल त्वचेवर गेलं तर लॅम्पमध्ये हात घालायच्या आधी पुसायचं, यात सूट नाही. वरून कडक लागलं म्हणजे आतपर्यंत क्युअर, म्हणजे पक्कं, झालं असं नसतं आणि लॅम्प त्या जेलशी जुळणाराच हवा, हेही पहिल्या आठवड्यातच सांगते.

यासाठी ट्रेनरने स्वतः वाचत राहायला हवं. अमेरिकेत एफडीए या सरकारी नियामक संस्थेने १९७०च्या दशकात एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट) मोनोमरवर कारवाई केली, तरी आजही स्वस्त लिक्विडमध्ये ते सापडतं. युरोपीय संघात १ सप्टेंबर २०२५पासून टीपीओ हा फोटोइनिशिएटर, म्हणजे लॅम्पच्या प्रकाशात जेल घट्ट करणारा घटक, असलेल्या जेलवर बंदी आली. विद्यार्थिनीने बाटलीचं लेबल पुढे केलं तर "चांगलं आहे, वापर" एवढं सांगून भागत नाही.

निर्जंतुक:
फाइल_१८० ताईंशी सहमत, फक्त एक भर घालते. प्रेमळपणाबरोबर कडकपणाही लागतो. माझ्या मॅडम आवाज चढवायच्या नाहीत, पण परीक्षेच्या दिवशी माझा पुशर (क्युटिकल मागे सारायचं अवजार) खाली पडला, मी तो उचलून तसाच वापरला आणि त्यांनी तिथेच परीक्षा थांबवली. म्हणाल्या, "आधी साबणाने घासायचा, मग द्रावणात, ठरलेला पूर्ण वेळ. मळावर जंतुनाशक काम करत नाही." सर्टिफिकेट तीन आठवड्यांनी, दुसऱ्या प्रयत्नात मिळालं. तेव्हा खूप रडले होते. पुढे एकदा क्लायंटचं नख हिरवट दिसलं तेव्हा वर जेल न लावता डॉक्टरांकडे पाठवण्याचं धाडस मला त्या दिवसामुळे झालं. रोगाचं नाव आपण सांगायचं नाही, झाकायचंही नाही, हेही त्यांचंच.

पारदर्शक:
ई-फाइल, म्हणजे विजेवर फिरणारी फाइल, कधी हातात द्यावी? आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी दिली होती.

फाइल_१८०:
माझ्याकडे हाताने फाइलिंग जमल्यानंतरच, आणि तीही आधी प्रॅक्टिस टिपवर. मग स्वतःच्या नखावरच्या प्रॉडक्टवर, कमी स्पीडला. एकीने बिट, म्हणजे तिचं फिरणारं टोक, तिरका धरला आणि तिच्याच अनामिकेवर क्युटिकलजवळ लाल चंद्रकोरीसारखी खाच पडली. मी तिला दर पंधरा दिवसांनी त्या नखाचा फोटो काढायला सांगितलं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, त्यामुळे ती खाच टोकापर्यंत सरकायला महिने लागले. नंतर तिचा हात किती हलका झाला, काय सांगू.

बेसकोट:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज शीटवर बीड करून घेतले. ओले, कोरडे, मध्यम, सांगितलं तसेच. मी हात मांडीवर ठेवून बसले, फार जड गेलं. मग त्यांना म्हटलं, आता माझ्या हाताचा व्हिडिओ काढा आणि मी काय करते ते तुम्ही मला सांगा. दोनदा बघून तिसरीने पकडलं. ब्रश बाहेर काढताना मी त्याची एकच बाजू वाटीच्या कडेला पुसते आणि दुसऱ्या बाजूने बीड उचलते. नऊ वर्षं करतेय, मला माहीतच नव्हतं. मुली मात्र दोन्ही बाजू पुसत होत्या. संध्याकाळपर्यंत तिघींपैकी दोघींचे बीड गोल बसायला लागले. तिसरीचे अजून वाहतात, उद्या तिच्या मनगटाकडे बघत बसणार आहे.